पाचवीला झोपलेली बाळंतीण

“घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणतेस?” असं माझी मावशी मला बोलली. मी तिला सांगितलं, मावशी, गावाने ती कधीच आणलीय, वर तिखटमीठ लावून. आता निदान एकदा खरी तरी सांगू दे.

माझं नाव सोनल. डोंबिवलीच्या कडेला आमचं आगऱ्यांचं गाव. गाव म्हणायचं ते कमानीवर नाव लिहिलंय म्हणून, बाकी सगळ्या बिल्डिंगा. आजोबा जिथे भात लावायचे तिथे आता टॉवर आहे, आणि त्याच्या खालच्या गाळ्यात माझं पार्लर. नवरा नितेश, त्याचे पाण्याचे टँकर. पलीकडच्या दिवा गावात कायम पाण्याची बोंब, तिकडे त्याच्या फेऱ्या चालतात. आणि मला बायपोलर आहे. आधीच सांगून टाकते, कुणाला उगाच ताटकळत ठेवायला मला आवडत नाही. या आजारात मन कधी इतकं वर जातं की खाली जमीन आहे हेच विसरायला होतं, आणि कधी इतकं खाली की उठून दात घासायचे म्हटलं तरी रडू येतं. मी गोळ्या घेते, पार्लर चालवते, गिऱ्हाइकांशी भांडते. बरी आहे.

पण मी बरी कशी झाले ते सांगायला हे लिहीत नाहीये. माझी जुळी बहीण मीनल बाळंत झाली, आणि तिच्या पाचवीपर्यंत मी जेवढी घाबरले तेवढी स्वतःच्या आजारातही घाबरले नव्हते. ते सांगायचंय. कुणाच्या तरी घरात आत्ता एखादी बाळंतीण झोपत नसेल आणि सगळे तिच्या दमाचं कौतुक करत असतील. त्यांनी हे वाचावं.

एक पोट, दोन घरं

मीनल आणि मी इतक्या सारख्या, की लहानपणी तिच्या पायात काळा दोरा बांधून ठेवलेला, त्यावरून ओळखायचे. मावशीला मूल नव्हतं. आमच्यात असं चालतं, बहिणीची कूस उजवली नाही तर आपलं एक तिच्या ओटीत घालायचं. कोर्ट नाही, कचेरी नाही. आई बोलली, “माझ्याकडे दोन हायेत, यातली एक तुना.” दात यायच्या आधीच मीनल ठाण्याला, वर्तकनगरला गेली.

मावशीचे यजमान कंपनीत नोकरीला. कॉलनीतलं शिस्तीचं घर, बातम्या संपल्या की दिवे बंद. टीव्हीचा आवाजसुद्धा शेजाऱ्यांना विचारून लावल्यासारखा. आणि आमच्याकडे? लग्नसराई लागली की रोज कुणाची तरी हळद. दारात मांडव, मटणाची पातेली, बेंजो, आणि पहाटेपर्यंत नाच. मी पाळण्यात होते तेव्हापासून त्या आवाजात झोपलेय, किंवा झोपलेलीच नाही म्हणा.

साहजिक मी झाले तोंडाळ, तिखट, एका दमात दहा गोष्टी बोलणारी. मीनल शांत. एक वाक्य बोलायची आणि मग पाणी प्यायची. बँकेत लागली. आम्ही दोघी एकत्र उभ्या राहिलो की बघणारे चकित व्हायचे, चेहरा तोच आणि माणूस वेगळा. बाबा हसायचे आणि बोलायचे, “ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.” म्हणजे जिथे बांधलं तिथले गुण लागले. मलाही तसंच वाटायचं. मावशीला तर फारच वाटायचं.

माझी पाचवी

माझी परी झाली तेव्हा मला दिवसभर कळा आल्या, रात्रभर आल्या. त्यानंतर मी झोपलेच नाही. भूक नाही, झोप नाही आणि दमायचं तर नावच नाही. टाके ओले असताना मी उठून झाडू मारत होते. बायका बोलायच्या, “काय दमदार बाळंतीण आहे!” मी अजून जोरात झाडू मारायची.

पाचवी म्हणजे काय ते ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मूल जन्मलं की पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. म्हणून पाटा-वरवंटा पुजायचा, त्याच्यापाशी कोरा कागद आणि पेन ठेवायचं, आणि अख्ख्या घराने रात्र जागवायची. आमच्यात बाळंतिणीनेपण डोळा लावायचा नाही. आई झोपली तर सटवाई हात आखडता घेते असं सांगतात. माझ्या पाचवीला भजनी मंडळ होतं, जेवणावळ होती, आणि मधे मला पाटावर ताठ बसवलेलं. माझा डोळा लागतोय असं वाटलं की कुणीतरी चहा आणून द्यायचं. सगळं प्रेमानेच चाललेलं.

पहाटे मी त्या कोऱ्या कागदाकडे बघितलं आणि मला त्यावर अक्षरं दिसली. दिसली म्हणजे चांगली ठसठशीत दिसली. मी वाचून दाखवायला लागले. परीचं वाचलं, मग शेजारणीच्या नातवाचं, मग सरपंचांचं. बायका पाया पडायला लागल्या. “सटवाई अंगात आली गो हिच्या!” झालं. पुढचे दिवस गावातली बाळं माझ्यापुढे आणून ठेवायचे, आणि मी सगळ्यांची कपाळं वाचायची. डॉक्टरकडे न्यावं असं कुणालाही वाटलं नाही. देवीला कोण डॉक्टरकडे नेतं?

मग एका सकाळी मी परीला उचललं आणि खाडीकडे निघाले. सटवाईला तिथे भेटायचं असं ठरलेलं, माझ्या डोक्यात. नितेशने रस्त्यात टँकर आडवा घातला, खाली उडी मारली आणि परीला माझ्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतलं. आई मागून धावत आलेली. तिने विचारलं, “खय चाललेली?” नितेश बोलला, “खाडीवर.” ते ऐकून आई रस्त्यातच खाली बसली आणि असं काही ओरडली, की तसा आवाज मी तिच्याकडून ना आधी ऐकला ना नंतर.

मॅडमचा प्रश्न

मला ॲडमिट केलं. तिथलं जास्त सांगत नाही, आठवत पण नाही सगळं. बांगड्या, पिना, मंगळसूत्र काढून घेतात. गोळी दिली की सिस्टर बोलतात, “जीभ वर कर,” आणि आपण शाळेतल्या पोरीसारखी जीभ वर करतो. दूध येत होतं आणि पाजायला बाळ नव्हतं, ते सगळ्यात वाईट. नितेश रोज परीचं एक न धुतलेलं झबलं घेऊन यायचा. मी ते नाकाला लावून बसायची. तो आमच्या लग्नात पण एवढं बोलला नसेल तेवढं त्या झबल्याने बोलून टाकलं.

डोकं जरा जागेवर आल्यावर डॉक्टर मॅडमनी आम्हाला बसवून आजाराचं नाव सांगितलं. मग विचारलं, “घरात आधी कुणाला असं काही झालेलं?”

आई स्वतःच्या बांगड्यांकडे बघत बोलली, “नाय. कुनाला नाय.”

मॅडमनी समजावलं की हा आजार कुणी केलेला नसतो, बाहेरचं काही नसतं. रक्तातून काहीतरी येतं, पण येतं ते बियाणं. ते रुजतं की पडून राहतं, ते पुढच्या बऱ्याच गोष्टींवर असतं, आणि त्यातली एक मोठी गोष्ट म्हणजे झोप. बाळंतपण आणि जागरण एकत्र आलं की बियाण्याला पाणीच मिळालं. आम्ही भातवाले, आम्हाला लगेच कळलं. मी विचारलं, “म्हणजे माझ्या पाचवीने मला आजारी पाडलं?” मॅडम बोलल्या, “एकट्या पाचवीने नाही. पण हातभार लावला.”

मग मी सहज सांगून गेले, “माझी जुळी बहीण आहे, ती एकदम ठणठणीत आहे.”

मॅडम लिहीत होत्या त्या थांबल्या. “जुळी? दिसायला अगदी सारखी?” मी मान हलवली. “मग तिला हे माहीत असायला हवं,” त्या बोलल्या. “होईलच असं नाही. पण ती बाळंत होईल तेव्हा तिची झोप सांभाळायची, आणि झोप उडाली तर लगेच दाखवायचं.”

त्या दिवसापासून मी स्वतःपेक्षा मीनलचीच धास्ती घेतली.

बाळ देत नाहीत

घरी आल्यावर सगळे चांगले वागले. फार चांगले. परी मोठी होईपर्यंत तिच्याजवळ मी एकटी असले की कुणीतरी काहीतरी न्यायच्या निमित्ताने खोलीत यायचंच. ते एक वेळ मी समजू शकते. पण नंतरही नणंदेचं बाळ झालं, चुलतभावाचं झालं, बारशाला सगळ्या बायकांच्या मांडीवर बाळ फिरायचं आणि माझ्यापाशी आलं की हळूच पुढे जायचं. कुणी काही बोलायचं नाही. “सोनल, तू जरा पेढे फिरव ना.” मी पेढे फिरवायची. इतक्या बारशांना इतके पेढे फिरवलेत मी, की मला आता पेढा गोड लागत नाही.

मीनल

मीनलचं लग्न प्रशांतशी झालं. त्यांचं मूळ साताऱ्याकडचं, राहतात नौपाड्यात. सासूबाई करारी, सगळे जरा टरकूनच असायचे त्यांना. मीनलला बरीच वर्षं दिवस राहिले नाहीत, आणि राहिले तेव्हा मावशीने मला देवघरासमोर उभं केलं. “शपथ घे. तुझ्या दुखण्याचं तिच्या सासरी कळता कामा नये. तिचा संसार आहे.”

मी शपथ घेतली. मात्र मीनलला स्वतःला सगळं सांगितलं. मॅडमचा प्रश्न, झोप, पाचवी, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पाणी प्यायली आणि बोलली, “सोनल, राग मानू नकोस. पण मी तुझ्यासारखी नाहीये. मी वेगळ्या घरात वाढले.”

राग मानू नकोस म्हणे! मला चांगलाच राग आला. पण आतून असंही वाटलं, की देवा, हिचंच खरं ठरू दे. ढवळ्या-पवळ्याचंच खरं ठरू दे.

पाचवीची दुपार

मुलगा झाला. बाळंतपण मावशीकडे. आमच्या पार्लरमध्ये नेमकी लग्नाची गर्दी, म्हणून मी थेट पाचवीच्या दुपारी वर्तकनगरला पोचले. बेल वाजवली आणि दार मीनलने उघडलं.

बाळंतीण दार उघडते का कधी? नेसलेली नवी साडी, केस ओले, आणि बोलणं सुरू. “अगं ये ये ये, किती उशीर, मी केव्हाची वाट बघतेय, बघ पडदे धुतले मी, डबे पण लावले, आईला म्हटलं बस तू, मला एवढं छान वाटतंय ना सोनल, आयुष्यात कधी एवढं छान वाटलं नव्हतं, मला आता सगळंच कळतंय.”

तो आवाज माझा होता. बोलायची घाई माझी, हातवारे माझे, डोळ्यांतली ती चमकपण माझीच. एवढी वर्षं वेगळी राहिलेली माझी बहीण माझ्यासमोर मी होऊन उभी होती.

मावशी पुरणाचं बघत होती. कौतुकाने बोलली, “बघ माझी लेक! बसत नाही गं एका जागी.”

“झोपली कधी ती?”

“बाळंतिणीला कसली मेली झोप!”

मी गॅलरीत जाऊन प्रशांत भावजींना विचारलं. ते हसले. “हॉस्पिटलमध्येही जागीच होती. रात्रभर मला बाळाच्या शाळा-कॉलेजचं सांगत होती. इतक्या वर्षांनी झालंय ना, आनंद आहे.” बिचारा माणूस. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि मावशीला हळू आवाजात बोलले, “आज हिला जागवायचं नाही. संध्याकाळच्या आत मॅडमकडे न्यायचं.”

मावशीने माझा दंड असा धरला की नखं रुतली. “विहीणबाई बाहेर बसल्यात. तुझं तुझ्यापाशी ठेव. माझ्या लेकीला नको लावू. मी तिला तुझ्यासारखी नाही वाढवली.”

“वाढवलीस तू गं, मावशी. पण पोट एकच होतं ना?”

तेवढ्यात मीनल आत आली. तिच्या हातात पाचवीचा कोरा कागद होता, पूजेच्या ताटातून उचललेला. माझ्या कानाशी येऊन, हसत, एखादं गुपित सांगावं तशी बोलली, “सोनल, तुला खरंच दिसलेलं ना यावर? आज मलापण दिसणार. मला माहितेय.”

मी शपथ मोडली. सरळ हॉलमध्ये जाऊन उभी राहिले. सोफ्यावर सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या, खाली माझी आई फुलं ओवत होती. मी बोलले, “मीनल आज जागणार नाही. तिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्यायचंय. मला बाळंतपणात वेड लागलेलं. तसंच तिला आता सुरू झालंय.”

मग मावशी पुढे झाली. “विहीणबाई, हिच्याकडे लक्ष देऊ नका. हिला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत.”

वेडीने सांगितलं की ही वेडी होतेय, तर ऐकणार कोण? मी तिथेच उभी राहून रडायला लागले. आणि मागून मीनल किंचाळली, “जळते ती माझ्यावर! हिला कुणी बाळ देत नाही ना, म्हणून जळते!”

तो घाव मला अजून दुखतो. आजारातच बोलली, मला माहीत आहे. मी पण काय काय बोललेय.

फुलं ओवता ओवता आईचे हात थांबले. माझी आई चार माणसांत तोंड उघडत नाही. माझी आजी खाडीत पाय घसरून पडली, असंच आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. आई मावशीकडे बघून बोलली, “आपली आय खाडीन घसरून नाय पडली.”

मावशी बोलली, “गप बस.”

“लय वर्सा गप बसली. तुझा जलम झाला न ती झोपलीच नाय. तुझ्या पाचवीला सगल्यांनी तिला जागत बसवली. ती गाणी बोलत व्हती, हसत व्हती, सगली बोलत, काय बाळंतीण हाय! मी लहान, पन मना सगला ठाव हाय. मंग एक दिस ती खाडीन चालत गेली. पाय नाय घसरला तिचा.” आई उठून उभी राहिली. “डॉक्टरीनबाईंनी इचारला तवा मी खोटा बोलली. आज नाय बोलायची. माझी ही पोर पन जाईल.”

सासूबाई बाळाला थोपटत होत्या. त्यांनी मावशीला विचारलं, “हे मला आधी का न्हाई सांगितलंसा?”

“लग्न मोडलं असतं,” मावशी पुटपुटली.

“मोडलं असतं का न्हाई, ते आता ऱ्हाऊ द्या. प्रशांत, गाडी काढ.” मीनल नको नको करत होती, तिला त्या बोलल्या, “चल, मी बी येते संगं. आल्यावर तुझा कागद मांडू.” आणि स्वतः वाकून त्यांनी सुनेच्या पायात चप्पल घातली.

कोण जागणार

मॅडमनी मीनलला पाहिलं, तिच्याशी बराच वेळ बोलल्या, औषध दिलं. आज रात्री काही झालं तरी झोप, अंधारी खोली, बाळाला वरचं दूध, आणि सकाळी पुन्हा इथे. झोप नाही लागली तर ॲडमिट. निघताना माझ्याकडे बघून बोलल्या, “लवकर आणलंत.” खोटं कशाला सांगू, त्या दोन शब्दांवर मी खूप दिवस काढले.

घरी परतलो तर मावशी दारात उभी राहून भजनवाल्यांना परत पाठवत होती. बाळंतीण दमलीय, एवढंच सांगत होती. पाटा पुजला, कागद मांडला. मीनलला आतल्या खोलीत झोपवलं. तेव्हा कुणीतरी विचारलंच, बाळंतिणीच्या जागी कोण जागणार?

“मी,” आई बोलली. “मी पन तिची आयच हाय.”

इतक्या वर्षांत हे वाक्य आईने त्या घरात कधी उच्चारलं नव्हतं. मला वाटलं आता मावशी उसळणार. पण तिने एक पाट आणला, आईच्या शेजारी मांडला आणि बसली. दोघी बहिणी बाळाला मधे घेऊन बसल्या. पुढे काय बोलल्या ते मला माहीत नाही, कारण मलाही गोळी घेऊन वेळेवर झोपावंच लागतं.

सकाळी मी उठले तेव्हा मीनल झोपलेली होती. तोंड उघडं, हात उशीवरून खाली लोंबलेला. एवढी सुंदर ती मला तिच्या लग्नातही दिसली नव्हती.

हॉलमध्ये कागद नेहमीसारखा, प्रत्येक घरातल्यासारखा कोराच होता. आई तो उचलून देवाजवळ ठेवायला निघाली. सासूबाईंनी हात पुढे केला. “सटवाईचं अक्षर कुणाला वाचाय येतंय? आणा इकडं. पेन बी आणा.” चष्मा लावला आणि त्या कागदावर लिहायला बसल्या. आज रात्री बाळाला कोण बघणार, उद्या कोण, परवा कोण. स्वतःचं नाव लिहिलं, प्रशांतचं, आईचं, मावशीचं. पोरीनं रात्री उठायचं न्हाई, औषध चुकवायचं न्हाई, हेही खाली लिहिलं.

“आन् सोनल?” त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

मावशीने आईकडे पाहिलं. मी घाईघाईने बोलले, “मला रात्री जागता येत नाही, माझ्या गोळ्या असतात.” पेढे फिरवायला मी आपणहूनच उठले असते.

“मग दुपार लिवते,” त्या बोलल्या. “दुपारी बाळ तुझ्याकडं. ह्या दोघी तेवढ्यात पडतील.” आणि लिहून मोकळ्या झाल्या.

नंतर

एका झोपेने सगळं आटोपलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्या आठवड्यात मीनलला ॲडमिट करावं लागलं. तिने आम्हाला शिव्या दिल्या, प्रशांतवर ताट फेकलं, मग दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पण खाडीपर्यंत गोष्ट गेली नाही. माझी गेलेली. आजी तर तिथून परतच आली नाही. बियाणं तिघींचं एकच होतं, एवढं आता मला कळतं, आणि मीनलच्या वेळेस घरात कुणीतरी वेळेवर तोंड उघडलं. तेवढाच काय तो फरक. वेगळ्या घरात वाढल्याचा तिला काही उपयोग झाला का? मॅडम सांगतात, झालाही असेल, कुणी मोजून सांगू शकत नाही. मावशीला मात्र मी सांगते की झाला. तिला ते ऐकायला बरं वाटतं.

माझ्या परीलाही एक दिवस सांगणार आहे. पणजीचं, माझं, मीनलचं, सगळं. ती बाळंत होईल तेव्हा पाचवीला मी तिला ताणून झोपवणार, मग सटवाई रुसली तर रुसली.

मीनल घरी आली त्यानंतरची एक दुपार. तो कागद फ्रीजवर चिकटवलेला होता, कोपरे दुमडलेले. आई आणि मावशी रात्रभराच्या जागरणाने आडव्या झालेल्या. प्रशांत कामावर. मीनल बाळाला घेऊन माझ्यापाशी आली आणि उभी राहिली. बारीक झालेली, आवाज परत तिचा स्वतःचा, हळू. त्या दिवशी काय बोलली ते तिला आठवत होतं, मला तिच्या तोंडावर दिसलं. मी बोलले, “राहू दे गं.”

तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. त्याची मान माझ्या कोपराच्या खाचेत नीट बसवली.

“मी झोपते जरा,” ती बोलली. आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी हललेच नाही. पंखा चालू होता. बाळ एकदा कुरकुरलं, मी थोपटलं, ते परत झोपलं. दुपार सरली, चहाची वेळ झाली, तरी कुणीही काही न्यायच्या निमित्ताने बघायला आलं नाही.